फाईल दिलीत, आता युक्तिवादही करू द्या: नागपुरातल्या ज्येष्ठ वकिलांना खुलं पत्र

प्रति,
नागपूर खंडपीठात आणि जिल्हा न्यायालयात चेंबर चालवणारे सर्व ज्येष्ठ वकील

सादर नमस्कार.

हे पत्र मी मुद्दाम तुम्हाला लिहिते आहे. बार कौन्सिलकडे, विधी मंत्रालयाकडे, न्यायालयांकडे महिला वकिलांच्या मागण्या आजवर बऱ्याच गेल्या आणि त्यातल्या काही मान्यही झाल्या. पण वकिलीत आलेली मुलगी टिकते की निघून जाते, हे तिच्या पहिल्या पाच-सात वर्षांत ठरतं, आणि ते तुमच्या चेंबरमध्ये ठरतं. तिथे कोणताही कायदा पोचत नाही. तिथे फक्त तुमचा शब्द चालतो.

मी याच शहरात वकिली करते. ज्युनिअर म्हणून दोन चेंबरमध्ये काम केलं, आता माझं स्वतःचं छोटं ऑफिस आहे आणि माझ्या हाताखालीही ज्युनिअर आहेत. मला जे येतं त्यातलं बरंचसं तुमच्याच पिढीने दिलं. याचिकेचा पहिला परिच्छेद कसा लिहावा, न्यायमूर्ती कागद चाळत असताना गप्प कधी राहावं, उलटतपासणीत कोणता प्रश्न विचारूच नये, हे कॉलेजात कुणी शिकवत नाही. हे ऋण मला मान्य आहे.

एक प्रसंग सांगते. जात पडताळणी समितीच्या निर्णयाविरुद्धची रिट याचिका होती. आपल्या खंडपीठाचा बोर्ड, म्हणजे रोजच्या प्रकरणांची यादी, अशा याचिकांनी कसा भरलेला असतो, ते तुम्हाला सांगायला नको. पक्षकार गडचिरोली जिल्ह्यातला, माना या आदिवासी जमातीचा असल्याचा दावा, नोकरी टांगणीला लागलेली. कागदपत्रांचं सगळं काम चेंबरमधल्या एका ज्युनिअर मुलीकडे होतं. कोतवाल बुकाच्या (गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीच्या) नकला, शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, वंशावळ, दक्षता पथकाचा अहवाल, हे सगळं तिने ओळीने लावलं. पणजोबांच्या नावापुढची जुन्या अक्षरातली एक नोंद समितीने चुकीची वाचली आहे, हे तिच्याच लक्षात आलं. मग सगळी याचिका त्या नोंदीवर बेतली गेली. सुनावणीच्या दिवशी सरांना दुसऱ्या कोर्टात जावं लागलं, आणि उभा राहिला तो तिच्यानंतर वर्षभराने चेंबरमध्ये आलेला मुलगा. न्यायमूर्तींनी विचारलं, ही नोंद १९५० च्या आधीची आहे हे कशावरून? तो मागे वळला. तिने हळूच पान सांगितलं, त्याने ते मोठ्याने म्हटलं. पुढचा प्रश्न आला, तो पुन्हा वळला. हे असं चालूच राहिलं. रूल झाला, म्हणजे याचिका सुनावणीसाठी दाखल झाली, आणि अंतरिम संरक्षण मिळालं. बाहेर व्हरांड्यात पक्षकाराने त्या मुलाचे दोन्ही हात धरले आणि त्याचा नंबर मोबाईलमध्ये घातला. "साहेब, माह्या साळ्याचीही एक केस आहे जी," म्हणाला. साळ्याची केस अर्थातच त्या मुलाकडे गेली. ती मुलगी शेजारीच फाईलची नाडी बांधत होती.

यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. तो मुलगा सज्जन होता, सरही सज्जन होते. तरीही त्या एका सकाळी दोघांचं पुढचं आयुष्य थोडंथोडं ठरलं. वकिलाला जाहिरात करता येत नाही, बार कौन्सिलचा नियमच तसा आहे. मग पक्षकाराला वकील कळतो कसा? कोर्टात बोलताना दिसतो तेव्हा. आपल्या धंद्यात आवाज ऐकू येणं हीच जाहिरात, आणि ती जाहिरात कुणाला मिळणार हे सीनिअर ठरवतो. मुलीने पाच वर्षं उत्तम ड्राफ्टिंग केलं तरी त्या ड्राफ्टखाली नाव तुमचं असतं. तिला कुणी पाहिलेलं नसतं. सहाव्या वर्षी ती स्वतःचं ऑफिस थाटते, तेव्हा तिच्याकडे यायला पक्षकारच नसतो.

चेंबरमधली कामाची वाटणी एकदा शांतपणे आठवून बघा. ऑब्जेक्शन, म्हणजे याचिकेतल्या कार्यालयीन त्रुटी, काढायला रजिस्ट्रीत कोण जातं? तारीख मागायला, पास-ओव्हर सांगायला (प्रकरण थोड्या वेळाने घ्या म्हणायला), पुरसिस (लेखी निवेदन) द्यायला कुणाला उभं करता? आणि पोलीस स्टेशनला, तहसीलला, भूसंपादनाच्या मोजणीला, चंद्रपूर-यवतमाळच्या कोर्टात पुरावा नोंदवायला कुणाला पाठवता? पक्षकाराशी ओळख या दुसऱ्या कामांत होते. दिवसभर गाडीत, चहाच्या टपरीवर, कोर्टाबाहेरच्या बाकावर माणूस माणसाला कळतो. ही कामं मुलांना मिळतात, आणि ती देताना तुमच्या मनात आमच्याबद्दल काळजीच असते. "पोरगी आहे, रात्री उशीर होईल." "एवढ्या उन्हात तुला कशाला गडचिरोलीला पाठवू?" मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा ते ऐकून बरंही वाटतं. पण ही काळजी वर्षानुवर्षं साठत गेली की तिचा हिशेब एकच निघतो: आमच्या हाती कागद उरतात आणि माणसं दुसऱ्याकडे जातात. काळजी असेल तर जाण्यायेण्याची सोय करा. काम काढून घेऊ नका.

प्रकरणांच्या प्रकारातही हेच आहे. महिला वकील म्हटलं की कौटुंबिक न्यायालय, पोटगी, घरगुती हिंसाचार. ते काम हलकं आहे असं मी मुळीच म्हणत नाही. विस्कटलेल्या घरातल्या बाईचं म्हणणं कायद्याच्या भाषेत मांडणं फार कौशल्याचं काम आहे. पण मोटार अपघात दाव्यातलं अपील, सेवाविषयक याचिका, खाणीसाठी गेलेल्या जमिनीचा मोबदला, खुनाच्या खटल्यातली उलटतपासणी, यांत आमची बुद्धी कमी पडते असं कोणत्या अनुभवावरून ठरलं? मला तरी तो अनुभव कुणी सांगितलेला नाही.

माझं स्वतःचंही थोडं सांगते. मूल झालं तेव्हा मी काही महिने घरी होते. परत आले तर माझ्याकडच्या सगळ्या चालू प्रकरणांवर दुसरी नावं आली होती. सीनिअर म्हणाले, "तुला आता ओढाताण नको, तू आरामात ये, ड्राफ्टिंग बघ." त्यांच्या आवाजात खरी माया होती, म्हणून मला भांडताही आलं नाही. ज्या दिवाणी दाव्यात मी वादीची सरतपासणी घेतली होती, त्याचा निकाल मला रोजनाम्यावरून (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीवरून) कळला. नोकरदार बाईला मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. वकील स्वतंत्र व्यावसायिक, त्यामुळे तिला तो कायदा लागू नाही. तिची रजा, तिचा पगार आणि तिची परतीची जागा, तिन्ही गोष्टी सीनिअरच्या मर्जीवर. निदान परतीची जागा तरी देता येते, आणि तिला एक पैसाही लागत नाही. तिची प्रकरणं सहा महिने कुणीतरी सांभाळावीत, वकालतनाम्यावर (पक्षकाराने वकिलाला दिलेल्या अधिकारपत्रावर) तिचं नाव तसंच राहावं, आणि ती आली की फाईल तिच्या टेबलावर परत जावी. एवढंच.

तुमच्यातले काहीजण म्हणतात, आणि माझ्यासमोरही म्हणाले आहेत: "मुली शेवटी सोडूनच जातात, मग त्यांच्यावर मेहनत कशाला घ्यायची?" याचं उत्तर मला आकड्यांत द्यायचं आहे. २०२१ साली तेव्हाचे सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी जाहीर कार्यक्रमात सांगितलं होतं की देशातल्या १७ लाख वकिलांत महिला जेमतेम १५ टक्के आहेत. त्याच देशात जिल्हा न्यायव्यवस्थेतल्या न्यायाधीशांमध्ये मात्र महिला एक तृतीयांशाहून जास्त आहेत. त्याच मुली, त्याच कॉलेजातल्या, त्यांनाही लग्न झालं, मुलं झाली. फरक कुठे आहे? न्यायाधीशपदाची निवड सुरू होते ती लेखी परीक्षेने, आणि तिथे उत्तरपत्रिकेवर नाव नसतं. वकिलीत पुढे जाणं कुणीतरी आपलं नाव पुढे करण्यावर अवलंबून असतं. वर चढावं तसं हे अधिकच ठळक होतं. १९५० पासून २०२५ पर्यंत सर्वोच्च न्यायालयात ११ महिला न्यायमूर्ती झाल्या, आणि त्यांतल्या वकिलीतून थेट तिथे पोचलेल्या एकट्या इंदू मल्होत्रा, २०१८ साली. म्हणजे मुली कायद्यातून जात नाहीत. त्या बारमधून, म्हणजे वकिलीतून, जातात. आधी काम मिळत नाही, मग त्या जातात. आणि जाणं हेच पुढच्या मुलीला काम न देण्याचं कारण होतं.

आपल्याकडे हे जुनंच आहे. कॉर्नेलिया सोराबजी आपल्या महाराष्ट्रातल्या, नाशिकला जन्मलेल्या. १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा त्यांनी दिली, पण वकील म्हणून नाव नोंदवायला १९२१ साल उजाडावं लागलं, तेही अलाहाबाद उच्च न्यायालयात. मधल्या काळात कलकत्ता उच्च न्यायालयाने रेजिना गुहा यांना, त्यांच्याकडे कायद्याची पदवी असूनही, केवळ स्त्री म्हणून वकिली नाकारली होती. शेवटी १९२३ चा कायदा आला, आणि स्त्री आहे एवढ्याच कारणावरून कुणाला वकिलीतून वगळता येणार नाही असं ठरलं. पुढच्याच वर्षी मिठन टाटा, म्हणजे पुढे मिठन लाम, मुंबई उच्च न्यायालयात आल्या. शिकू दिलं पण बोलू दिलं नाही, अशी त्या पिढीची स्थिती होती. शंभर वर्षांनी सनद मिळते, गाऊन मिळतो, आणि न्यायमूर्तींच्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या मुलाच्या कानात सांगावं लागतं.

आता एका ताज्या गोष्टीकडे तुमचं लक्ष हवं आहे, कारण तिच्यामुळे तुमची जबाबदारी एकदम वाढली आहे. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. आपल्याकडे तोवर कायद्याच्या ताज्या पदवीधर मुली या पदाच्या, म्हणजे जेएमएफसीच्या (प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी) परीक्षेला बसू शकत होत्या. त्या निर्णयामागचं कारण मला पटतं; कोर्ट न पाहिलेल्या माणसाने कोर्ट चालवू नये. पण गोंदिया, भंडारा, वाशीमच्या घरात त्याचा अर्थ काय होतो ते बघा. पदवी झाली, मुलगी बावीस-तेवीस वर्षांची झाली. पूर्वी बाप म्हणायचा, एक-दोन वर्षं परीक्षा दे. आता तीन वर्षं नागपुरात राहायचं, खोलीचं भाडं भरायचं, डबा लावायचा, काळा कोट शिवायचा, आणि हातात पडणार काय? बऱ्याच चेंबरमध्ये काहीच नाही, किंवा सणाला पाकीट. भावासाठी घर तीन वर्षं थांबतं. बहिणीसाठी स्थळ येतं.

बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून शहरी भागात ज्युनिअरला महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असं सुचवलं आहे. ती शिफारस आहे, सक्ती नाही, हे मलाही माहीत आहे. सगळ्यांना परवडणार नाही, हेही माहीत आहे. माझ्यासारख्या छोट्या ऑफिसला ते जड जातं. पण ज्यांच्या एका दिवसाच्या हजेरीची फी याहून जास्त आहे, त्यांना हे परवडत नाही असं कसं म्हणावं? आणि जे काही द्यायचं ते ठरवून, ठरल्या तारखेला, बँकेत द्या. बापाला दाखवायला पासबुकातली एक नियमित नोंद असली, तर त्या मुलीचं नागपुरात राहणं वर्षभराने लांबतं. मी हे माझ्याकडच्या मुलींच्या बाबतीत पाहिलं आहे.

त्याच निर्णयाप्रमाणे तीन वर्षांच्या वकिलीचा दाखला किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाने द्यायचा आणि त्यावर त्या जिल्ह्याच्या किंवा त्या ठिकाणच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याने शिक्कामोर्तब करायचं, अशी एक वाट आहे. म्हणजे तिचं पुढचं आयुष्य तुमच्या सहीवर आलं. बहुतेकांच्या हाती ही सही सुरक्षित आहे. सगळ्यांच्या हाती नाही, हे तुम्ही जाणता आणि मीही जाणते. नको त्या वेळी फोन करणारे, कॉन्फरन्सच्या नावाखाली रात्री नऊला एकटीला थांबवून घेणारे, बाहेरगावच्या कोर्टाला जाताना अंगचटीला येणारे सीनिअर कोण आहेत, याची कुजबुज बार रूममध्ये चालते आणि तिथेच विरते. मुली एकमेकींना सांगतात, "त्यांच्याकडे नको जाऊस." जी नवीन आहे, जिच्या ओळखी नाहीत, तिला हे कुणी सांगत नाही, आणि ती तिथेच जाते.

तिने तक्रार कुठे करायची? जुलै २०२५ मध्ये आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की बार कौन्सिल ही वकिलांची मालक नाही, त्यामुळे वकिलांविरुद्धच्या तक्रारींसाठी तिने कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखाली समिती नेमावी असं म्हणता येत नाही. महिला वकिलांना वकील अधिनियमाच्या कलम ३५ चा मार्ग आहे. निर्णयाचा मी आदर करते. पण कलम ३५ ची शिस्तभंगाची चौकशी कशी चालते, तिला किती वर्षं लागतात, हे आपण सगळे बघतो, आणि तोवर ती मुलगी कुठे असेल तेही आपल्याला कळतं. माझ्या वाचनाप्रमाणे चेंबरमधल्या ज्युनिअरसाठी दुसरा एक मार्ग उघडा आहे. २०१३ च्या कायद्यातल्या कर्मचाऱ्याच्या व्याख्येत प्रशिक्षणार्थी येते, विनामोबदला काम करणारीही येते. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या कामाच्या जागेसाठी, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. मुदत तीन महिन्यांची, पुरेसं कारण असेल तर आणखी तीन महिने. तुमच्या चेंबरमध्ये ही माहिती भिंतीवर लावा. ज्याला लपवायचं काही नाही, त्याला असा कागद लावायला अडचण नसावी. आणि एवढं तर नक्कीच करा: एखाद्या मुलीने तुमच्या समवयस्क मित्राबद्दल तोंड उघडलं, तर पहिल्याच दिवशी तिला "करिअरचा विचार कर" असं सांगू नका.

बाकीच्या गोष्टींवर फार लिहीत नाही, कारण त्या हलू लागल्या आहेत. १५ जानेवारी २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या न्यायालयांत स्वतंत्र स्वच्छतागृहं असावीत असे आदेश दिले. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या बार असोसिएशनच्या कार्यकारिणीत महिलांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, आणि डिसेंबर २०२५ मध्ये राज्य बार कौन्सिलांमध्येही ३० टक्के प्रतिनिधित्वाचे निर्देश आले. याचा मला मनापासून आनंद आहे. पण कार्यकारिणीत बसलेल्या वकीलबाईच्या हातात ब्रीफ, म्हणजे लढवायला प्रकरण, नसेल, तर तिथेही तिच्या वाट्याला स्नेहसंमेलनाची व्यवस्थाच येईल.

पक्षकार ऐकत नाहीत, ही तुमची शेवटची अडचण. खरी आहे. अकोल्याहून पहाटेची गाडी धरून आलेला माणूस मलाही विचारतो, "मोठे साहेब नाही येत का जी?" पण पक्षकार तुमच्या तोंडाकडे बघून ठरवत असतो. "मी येऊ शकत नाही, म्हणून मॅडमना पाठवतोय" असं म्हटलंत की तो घाबरतो. "हे प्रकरण मॅडमचंच आहे, माझ्यापेक्षा त्यांना जास्त पाठ आहे" म्हटलंत की तो पाण्याची बाटली उघडून निवांत बसतो. हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे.

उन्हाळी सुट्टीनंतर जूनमध्ये कोर्ट उघडेल. पहिल्या आठवड्याचा बोर्ड हातात आला की त्यातलं एक प्रकरण निवडा, सोपं नको, ज्यात खरोखर युक्तिवाद लागेल असं. ज्या मुलीने त्याचे कागद लावले तिचं नाव वकालतनाम्यावर घाला. आदल्या संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत, तिला समोर बसवून तिच्याकडून ते प्रकरण ऐका, जसं तुमच्या सीनिअरांनी तुमच्याकडून ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी मागच्या खुर्चीत तुम्ही बसा. तिला पान आठवलं नाही तर तुम्ही सांगा. त्यानंतर पक्षकाराला तिचा नंबर घेऊ द्या. हे महिन्यातून एकदा झालं तरी वर्षभरात तिच्या नावावर डझनभर सुनावण्या जमतील. माझ्या ऑफिसात हे चालू आहे. कुणाला येऊन बघायचं असेल, बोलायचं असेल, किंवा मी लिहिलेल्या एखाद्या मुद्द्यावर मला खोडून काढायचं असेल, तर मी रोज सकाळी साडेदहाला खंडपीठात असतेच.

आपली नम्र,
नागपूर खंडपीठातली तुमची एक सहकारी